सिंदखेडचा वाडा आणि वेशीवरचा माणूस

आपल्याकडे इमारतींचा इतिहास हा मालकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी बांधली, कोणी जिंकली, कोणाकडून कोणाकडे गेली, एवढ्या तीन प्रश्नांत तो आटोपतो. ज्यांनी दगड उचलले, ज्यांनी दारापुढे रात्र जागून काढली, ज्यांनी पागा झाडली, त्यांना त्या इतिहासात ओळभरही जागा मिळत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांच्या वाड्याविषयी लिहावयाचे तर हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. या वाड्यावर लिहिलेले बहुतेक सारे जाधवांविषयी आहे, आणि अलीकडचे सारे जिजाऊंविषयी आहे. ते चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. ते अपुरे आहे, एवढेच म्हणणे आहे.

जुन्या मुंबई-नागपूर रस्त्याने जाणाऱ्याला हा वाडा शोधावा लागत नाही. त्याचा दरवाजाच रस्त्यावर येतो. खाली घडीव दगड, वर वीटकाम, आणि उंची अशी की माणसाने मान वर केल्याशिवाय कमान संपत नाही. समोर नगरपरिषदेने केलेली बाग आहे. आत गेले की मात्र दरवाज्याच्या मानाने फारसे काही उरलेले नाही. चौथरे, भिंती, तळघरे, आणि जिजाऊंचा जन्म झाला असे मानतात ते ठिकाण. १२ जानेवारी १५९८ हा तो जन्मदिवस मानला जातो. लोक चपला काढून त्या ठिकाणी जातात, हात जोडतात, फोटो काढतात आणि परततात. मी दरवर्षी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना घेऊन येथे येतो. त्यांनाही प्रथम त्याच ठिकाणी जावयाचे असते. एवढ्या मोठ्या वाड्यातील एका खोलीचाच इतिहास आपण सांगतो आणि बाकीचा वाडा त्या खोलीकडे जाण्याची वाट होऊन राहतो.

बाकीचा वाडा कशासाठी होता? लखुजी जाधव हे सिंदखेडचे देशमुख. देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार. गावोगावच्या पाटलांकडून वसूल गोळा करावयाचा, त्यातला आपला हक्क ठेवून घ्यावयाचा, उरलेला सरकारात भरावयाचा, आणि त्यासाठी लागणारी शिबंदी बाळगावयाची, हे त्याचे काम. म्हणून देशमुखाचा वाडा हे नुसते राहते घर कधीच नव्हते. तीच कचेरी, तेच धान्याचे कोठार, तीच पागा, तोच न्यायाचा चौथरा आणि वसूल थकला तर कुळाला बसवून ठेवण्याची जागाही तीच. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तहसील, पोलीस ठाणे, गोदाम आणि छावणी ही सारी एका भिंतीआड होती. जन्मखोली ही त्या साऱ्याच्या पोटातली एक खोली. आसपासच्या गावांच्या नावांकडे पाहिले तरी या सत्तेचा पसारा ध्यानात येतो. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. या प्रत्येक नावामागचा ‘राजा’ जाधवांचा आहे. गावाच्या नावालासुद्धा मालकाचा शिक्का लागावा, एवढी ती सत्ता पक्की होती.

आता हा वाडा उभा कोणी केला, ते पाहू. दगड पाथरवटांनी घडवला असेल, माती-दगडाची ओढ वडारांनी केली असेल, विटा कुंभारांनी भाजल्या असतील. चुना घाणीत मळावा लागतो, आणि घाणी ओढावयास बैल लागतात, माणसेही लागतात. दगड वर चढवावयास जे दोर लागतात ते वळण्याचे काम मांगांचे. निरोप पोचवणे, लाकूड फोडणे, ओझी वाहणे, आणि ‘वेठ’ या एका शब्दात मावणारी बाकीची सारी कामे महारांची. त्या काळच्या कोणत्याही मोठ्या बांधकामाची हीच रीत होती. ती सिंदखेडला तेवढी वेगळी होती असे मानावयास काही कारण नाही.

या ठिकाणी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. ‘राजा’ लागलेल्या गावांपैकी मेहुणा राजा हे चोखामेळ्याचे जन्मगाव म्हणून परंपरेने मानले जाते. देऊळगाव राजा तालुक्यातले हे गाव जाधवांच्याच मुलखातले. जाधवांचा वाडा उभा राहण्याच्या अडीचशे वर्षे आधी या गावचा चोखोबा मंगळवेढ्याला गेला आणि तेथे गावकुसाच्या बांधकामावर वेठीला लागला. ते कूस कोसळले, त्याखाली तो व त्याच्याबरोबरचे मजूर गाडले गेले. साल १३३८. पुढे त्याच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून नामदेवांनी त्या ओळखल्या, ही कथा सारा महाराष्ट्र भक्तिभावाने सांगतो. पण कूस का कोसळले, आणि त्याखाली आणखी कोण कोण मेले, हे कोणी सांगत नाही. ज्या गावकुसाच्या आत चोखोबाला राहण्याचा हक्क नव्हता, तेच कूस बांधताना तो मेला! आपल्या इतिहासातील प्रत्येक भिंतीकडे पाहताना मला हे कूस आठवते. सिंदखेडच्या भिंतीकडे पाहतानाही आठवते.

वाडा उभा राहिला, आणि त्याच्या दाराशी एक माणूस उभा राहिला. अशा वाड्याच्या दरवाज्याला आतल्या अंगाला दोन्ही बाजूंनी देवड्या असतात. तेथे पहारेकरी बसत. परंतु वाड्याचा दरवाजा ही आतली वेस. गावाची वेस निराळी, आणि त्या वेशीवर वेसकर असे. वेसकर म्हणजे महार. दिवेलागणीला वेस लावावयाची, पहाटे उघडावयाची, परका माणूस आला तर त्याची वर्दी पाटलाला द्यावयाची, सरकारी खजिना पुढच्या गावापर्यंत पोचता करावयाचा, शिवेचा तंटा निघाला तर शीव कोठून जाते ते सांगावयाचे. गावाच्या सीमा ज्याच्या तोंडी साक्षीवर ठरत, त्यालाच गावाच्या सीमेबाहेर राहावे लागे. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी एक जुनी समजूत आमच्या वडीलधाऱ्यांत होती. हे हक्क काय होते? मेलेल्या जनावराचे कातडे, खळ्यावरचा सुगीचा घास, सणाची भाकर. हक्क म्हणून मोजावयाचे आणि उष्टे म्हणून घ्यावयाचे, असा तो प्रकार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले, ते याच प्रकाराविरुद्ध. वऱ्हाड त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांताला जोडलेला होता. म्हणून त्या बिलाचा आमच्या जिल्ह्याशी थेट संबंध नव्हता. पण वेसकराची काठी इलाख्याची हद्द पाहून हलकी होत नाही.

आत वाड्यात मात्र सत्तेचे राजकारण चालले होते. लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार. त्या निजामशाहीचा कारभार पुढे ज्याच्या हाती आला तो मलिक अंबर हा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. मूळच्या देवगिरीच्या यादवांचे वारस म्हणवणारे जाधव एका विकत घेतलेल्या गुलामाच्या हाताखाली चाकरी करीत होते, या गोष्टीची इतिहासकारांनी पुरेशी चव घेतलेली नाही. लखुजीराव पुढे मोगलांना मिळाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूला, आणि त्यांचे जावई शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूला होते. शहाजी-जिजाऊंचा संबंध याच वाड्यात रंगपंचमीच्या दिवशी बोलण्यातून जमला, असे बखरी सांगतात. त्याच बखरी हेही सांगतात की, भोसले आपल्या तोलाचे नाहीत म्हणून जाधवांच्या घरातून त्या संबंधाला विरोध झाला. उतरंडीची सवय अशी असते. ती वेशीबाहेरच्याला दूर ठेवून थांबत नाही. आपल्याच पंगतीतल्याचेही पाट मोजू लागते.

लखुजीराव निजामशाहीत परत आले आणि २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, मुलांसह व नातवासह मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडलाच आहे, आणि ती वाड्याहून अधिक धड राहिली आहे. मेलेल्या राजाचे घर जिवंत राजाच्या घरापेक्षा जास्त टिकले, असे तेथे उभे राहिल्यावर वाटते. त्याच्या पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला. जिजाऊ तेव्हा माहेरच्या सत्तेच्या छायेत नव्हत्या. वाड्याचे पहिले आयुष्य येथे संपले असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे आयुष्य दीर्घ, आणि बरेचसे बिनमहत्त्वाचे. जाधव घराणे मोगलांकडे, मग निजामाकडे चाकरीला राहिले. जिजाऊंच्या नातवंडा-पतवंडांचे राज्य एकीकडे, आणि माहेरचे घर दुसऱ्या बाजूला, अशी शंभर वर्षे गेली. १७२४ साली जवळच साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला, आणि हैदराबादचे राज्य खऱ्या अर्थाने तेथे जन्मले. १७५७ च्या डिसेंबरात मात्र लढाई थेट सिंदखेडच्या दारात आली. निजामाचे सरदार रामचंद्र जाधव येथे कोंडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी निजामअली आला, आणि विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या मराठी फौजांनी त्याला गाठले. साखरखेर्ड्याच्या तहात निजामाला नळदुर्गचा किल्ला व पंचवीस लाखांचा मुलूख सोडावा लागला. म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या वाड्यावर जिजाऊंच्या मुलाने स्थापिलेल्या राज्याच्या फौजा चालून आल्या होत्या. आज जयंतीच्या भाषणांत ही लढाई क्वचितच येते. तिच्यात कोणाला धर्म सापडत नाही आणि कोणाला जात सापडत नाही, हे कदाचित त्याचे कारण असेल. वतन सापडते, पण त्यावर घोषणा होत नाही.

त्यानंतर लुटीचे दिवस आले. पेंढारी, बंडखोर शिबंद्या, दोन सत्तांच्या मधला मुलूख. १८०४ च्या सुमारास इंग्रज सेनापती वेलस्ली या भागातून गेला. सिंदखेड हे चोरांचे ठाणे झाले आहे, लोक शेकड्यांनी उपासमारीने मरत आहेत आणि त्यांना दिलासा देणारे कोणतेही सरकार अस्तित्वात नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. इंग्रजाला आपली चढाई समर्थनीय ठरवावयाची होती, हे मान्य केले तरी त्या वर्षांतला वऱ्हाडचा दुष्काळ खरा होता. कोठारे असलेला वाडा आणि शेकड्यांनी मरणारे लोक ही दोन्ही एकाच गावात एकाच वेळी होती. कोठार कोणासाठी असते, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळावयाचे नाही.

वाड्याच्या सरंजामी आयुष्याचा शेवट १८५१ मध्ये झाला. त्या काळी निजामाच्या मुलखातील सरदारांजवळ अरब शिपायांच्या पलटणी असत. त्यांचे पगार थकत, थकलेल्या पगारापोटी ते जमिनी व माणसे अडवून धरीत. देऊळगावच्या बाजीराव जाधवांच्या नावाने अशाच अरबांनी हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेशी लढाई दिली. ब्रिगेडियर मेन हा त्या फौजेचा प्रमुख. जाधवांचे वंशपरंपरागत वतन जप्त झाले, आणि बाजीराव १८५६ साली कैदेत वारले. गंमत पुढेच आहे. ज्या कंटिन्जंटने जाधवांचे वतन मोडले, तिच्याच खर्चाची बाकी फिटेना म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने सारा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. वाडा ज्या फौजेने पाडला, तिच्या पगारात पुढे प्रांतही गेला.

इंग्रजांनी जुन्या वाड्यांचे काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात त्यांचा कलेक्टर राहिला; पुढे तेथे तुरुंग झाला, वेड्यांचे इस्पितळ झाले, १८२८ च्या आगीने तो जवळजवळ नाहीसा झाला. सिंदखेडच्या नशिबी तेवढीही धामधूम आली नाही. नव्या राज्याला येथे काही काम नव्हते. १८६४ मध्ये जिल्हा बनला तेव्हा पहिले ठाणे मेहकरला होते, नंतर ते थंड हवेच्या बुलढाण्याला गेले. रेल्वे आली ती उत्तरेकडून, मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी. १८६७ पर्यंत ती नागपूरला पोचलीसुद्धा. कापसाच्या पैशाने खामगाव वाढले. दक्षिणेकडचा, जालन्याला लागून असलेला हा भाग तसाच राहिला. खामगाव-जालना रेल्वेची मागणी आमच्या आजोबांच्याही आधीच्या पिढीने केली होती. ती अजून मागणीच आहे. सत्ता निघून गेली, बाजार दुसरीकडे गेला, आणि वाडा नुसता ‘जुनी इमारत’ होऊन गॅझेटियरच्या पानात जाऊन बसला.

वऱ्हाडात अशा पडक्या वाड्यांचा आणि गढ्यांचा एक उपयोग मात्र सर्वांना ठाऊक आहे. गढी खचली की तिची पांढरी माती लोक नेतात. धाब्यावर पसरावयास, भिंती सारवावयास ही माती फार चांगली. किती वतनदारांच्या गढ्या अशा रीतीने गोरगरिबांच्या छपरावर जाऊन बसल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गावठाणाला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. ज्यांना पांढरीत घर नव्हते आणि काळीत शेत नव्हते, त्यांच्या घरावर निदान गढीची माती तरी आली. इतिहासाने केलेले जमिनीचे फेरवाटप आमच्या भागात बहुतेक ठिकाणी एवढेच झाले.

यापुढचा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो राजाने केला नाही आणि सरकारनेही केला नाही. विसाव्या शतकात वाड्याचा अर्थ बदलला, आणि तो बदलला नव्याने शिकलेल्या माणसांनी. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला, तेव्हा त्यांनी शिवाजी हा वतनदारांचा नव्हे, कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणला. त्या विचाराची मुळे आमच्या जिल्ह्यात खोल गेली. याच जिल्ह्यातील चिखलीचे पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ साली फुल्यांचे चरित्र लिहिले. पुण्यामुंबईच्या विद्वानांना जे सुचले नाही ते चिखलीतल्या सत्यशोधकाने केले, याचा अभिमान आम्हांला असावयास हरकत नाही. शेतकऱ्यांची मुले शाळेत जाऊ लागली, वाचू लागली, आणि त्यांनी इतिहासात आपली आई शोधली. ती त्यांना सिंदखेडच्या पडक्या वाड्यात सापडली. तोपर्यंत जो वाडा लखुजींचा होता तो हळूहळू जिजाऊंचा झाला. बापाच्या घराला लेकीचे नाव मिळावे, ही आपल्या समाजात लहान गोष्ट नव्हे.

आमच्या समाजाचे याच काळात काय चालले होते, हे येथे नोंदवावयास हवे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला गेले. तो स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारलेला. बाबासाहेबांच्या जाण्याने त्याचा अर्थ बदलला, आणि आज त्याच्याकडे इंग्रजांचा स्तंभ म्हणून कोणी पाहत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात महाडची परिषद झाली, मनुस्मृती जाळली गेली, आणि त्यानंतर बाबासाहेब कार्यकर्त्यांसह रायगडावर गेले. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. पाण्यावरचा हक्क बजावून आलेली माणसे किल्ल्यावर गेली. किल्ला आमचाही आहे, असे त्या जाण्याने सांगितले गेले. दगडांचा अर्थ दगडात नसतो, तेथे कोण जातो आणि काय म्हणून जातो यात असतो, हे बाबासाहेबांनी एकाच वर्षात दोनदा दाखविले. सिंदखेडचा वाडा जिजाऊंचा झाला, तो याच मार्गाने झाला.

१९९० साली मराठा सेवा संघ स्थापन झाला आणि १२ जानेवारीच्या जयंतीला आजचे रूप आले. पहाटे वाड्यात पूजन, मग गावाबाहेर जिजाऊ सृष्टीवर मोठा मेळावा. लाखोंची गर्दी. ३ जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीपासून १२ तारखेपर्यंत सावित्री-जिजाऊ दशरात्रोत्सव अशी नवी प्रथाही त्यातून निघाली. २००५ साली याच दिवशी येथे शिवधर्माची घोषणा झाली. त्या धर्माविषयी माझी मते काहीही असोत, ब्राह्मणी कर्मकांडाला नकार देणारी घोषणा एका देशमुखी वाड्याच्या गावी व्हावी हे घडले खरे. मेळाव्यातली पुस्तकांची दुकाने पाहण्यासारखी असतात. फुले, शाहू, आंबेडकर यांची पुस्तके तेथे ढिगांनी विकली जातात. आमच्या वस्तीतील मुलेही जातात, पुस्तके घेऊन येतात. ज्या दरवाज्यासमोर आमचे पूर्वज जोहार घालून उभे राहिले असतील त्या दरवाज्यातून ही मुले सरळ आत जातात. कोणी त्यांना अडवीत नाही, जात विचारीत नाही. एवढे झाले, हे कमी आहे असे मी म्हणणार नाही.

पण येथेच थांबता येत नाही. २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. त्या मोर्चांच्या प्रारंभी जिजाऊ वंदना होत असे, पुढे मुली असत. आणि त्यांच्या मागण्यांत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करा ही मागणी असे. एका मुलीवर झालेल्या भयानक अत्याचाराबद्दलचा संताप आम्हांलाही होता. तो कोणाला नसेल? परंतु १९८९ चा तो कायदा आमच्या वस्त्यांना एकमेव आडोसा वाटतो. ज्या नावाने मेळाव्यात आंबेडकरांची पुस्तके विकली जातात त्याच नावाने त्या आडोशाला हात लावण्याची मागणी व्हावी, तेव्हा आमच्या मुलांनी कोठे उभे राहावयाचे? वाड्याच्या आत की वेशीवर? हा प्रश्न मी कोणाला दोष देण्यासाठी विचारीत नाही. वाड्याचा नवा उपयोग अजून ठरावयाचा आहे, एवढेच त्यातून दिसते. लेकीचे घर म्हणून तो सर्वांचा आहे. वतनदाराचे घर म्हणून तो पुन्हा एका जातीचा होऊ शकतो. या दोन्ही शक्यता त्याच चार भिंतींत आहेत.

सरकारच्या दृष्टीने तो आता स्मारक आहे. पुरातत्त्व खाते आहे, विकास आराखडे आहेत, समृद्धी महामार्ग आहे. तो २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी असा सुरू झाल्यापासून बरीच वाहने गावाला वळसा घालून जातात. २०२४ च्या जूनमध्ये लखुजींच्या समाधीच्या परिसरात दुरुस्तीचे काम चालू असताना जुन्या मंदिराचा पाया लागला, आणि पुढे खणताना शेषशायी विष्णूची एक सुरेख दगडी मूर्ती निघाली. वर्तमानपत्रांनी रकाने भरले. मूर्ती खरोखरच अप्रतिम आहे. पण मनात आले, की त्याच मातीत चुन्याच्या भट्ट्या असतील, मजुरांच्या चुली असतील, वेसकराची खोपटी असेल. महारवाडा शास्त्रशुद्ध रीतीने खणून पाहिल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. देव सापडला की ती बातमी होते. चूल सापडली तर तिला कोणी ओळखणारसुद्धा नाही.

वेसकराचा मागमूस मग शोधावयाचा कोठे? मला तो एका अनपेक्षित जागी सापडतो. इंग्रजी अमलात वेसकराची काठी गेली नाही, तिचे नाव बदलले. विदर्भात तो कोतवाल झाला. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची नोंद ज्या वहीत होई तिला आजही कोतवाल बुक म्हणतात. ती वर्दी घेऊन पोलीस ठाण्यापर्यंत पायी जावयाचे ते कोतवालाने. या कामावर बहुतेक गावी महारच असत. प्रत्येक नोंदीपुढे जात लिहिलेली असे. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसिलांतली जुनी दप्तरे बाहेर निघाली. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि कोतवाल बुके यांना अचानक सोन्याचे मोल आले. मोठमोठ्या घरची माणसे नकलेसाठी रांगेत उभी राहिली. आपल्या पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिले आहे की नाही, ते त्यांना पाहावयाचे होते.

जिजाऊंच्या जन्माची नोंद अशा कोणत्याही वहीत नाही. ती असणे शक्यही नव्हते. पण त्यांच्या जयंतीला जमणाऱ्या कितीतरी घराण्यांच्या चार पिढ्यांपूर्वीच्या जन्माची वर्दी आमच्या माणसाने अनवाणी ठाण्यावर नेलेली आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी यंदा वाड्याची मोजमापे घ्यावयास सांगितले नाही. तहसिलातून मिळतील तेवढ्या वह्यांच्या नकला काढा, आणि वर्दी आणणाऱ्याचे नाव जेथे जेथे लिहिलेले असेल तेथून ते उतरवून घ्या, असे सांगितले आहे. मोडी वाचता येणारे एक निवृत्त तलाठी आठवड्यातून एक दिवस त्यांना शिकवतात.